डोळ्याखालची आखणी

ठमाबाई स्थिर झालेली मी आयुष्यात दोनच ठिकाणी पाहिली. एक आमच्या पेणच्या कारखान्यात, गणपतीचे डोळे काढताना. दुसरी रोह्याच्या दवाखान्यात, टेबलावर. एरवी त्या बाईच्या पायाला भिंगरी होती. चहा उभ्याने प्यायची, जेवताना मध्येच उठून मांजर हाकलायची. तुमच्याशी बोलता बोलता तिचा हात तुमच्याच दारावरच्या तोरणातली वाळकी पानं खुडत असायचा. तिच्याकडे पाहून माझंच डोकं गरगरायचं.

ती कासू गावची. लग्न होऊन आली तेव्हा सासूने पहिल्याच महिन्यात हात टेकले आणि मुलाला, म्हणजे कान्हूला सांगितलं, "हिला घरात बांधून घाल, नायतर मिठागरात तरी धाड." कान्हूने मिठागरात धाडली. खाडीच्या कडेने मिठाचे वाफे होते, तिथे ती बारा-पंधरा वर्षं मीठ ओढत होती. मग तळपायांना भेगा पडायला लागल्या, तशी एका ओळखीच्या बाईबरोबर आमच्याकडे शाडू मळायला आली. मी तेव्हा या घरात नवी सून होते. ती मला वयनी म्हणायची, आणि पहिल्याच दिवशी तिने मला सांगितलं, "वयनी, तुमी लय हळू चालता."

पेणमध्ये आखणी म्हटलं की डोळे. बाकीच्या महाराष्ट्रात रस्त्याची आखणी होत असेल, धरणाची होत असेल. आमच्या गल्लीत आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढणं, दुसरं काही नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच शब्दाने माझा जीव मेटाकुटीला आणला. आखणी माझे सासरे करायचे. एका वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला. डोळे न काढलेल्या मूर्तींची रांग उभी, गिऱ्हाईक दारात, आणि सासरे कुंचला हातात धरून नुसते बसलेले. शाडूने बरबटलेले हात लुगड्याला पुसत ठमाबाई पुढे आली, त्यांच्या हातून कुंचला घेतला, आणि कोणी नाही म्हणायच्या आत बुबुळावरची पापणीची रेघ एका दमात ओढून मोकळी झाली. ती बाई त्या वेळी श्वास घेत नव्हती. मी समोर होते, मला दिसत होतं. सासऱ्यांनी मूर्ती फिरवून फिरवून बघितली आणि दुसरी तिच्यापुढे सरकवली. तेव्हापासून आखणी ठमाबाईची.

सासऱ्यांचा एक दंडक होता, तोही तिने उचलला. मूर्तीत खोट राहिली, कुठे टवका उडाला, की तिचं तोंड भिंतीकडे करून ठेवायचं. खंडित मूर्ती पूजेला चालत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या नजरेला पडली की ते बाकीच्या मूर्तींतही खोड काढत बसतं. रंग झाल्यावर ठमाबाई दारापाशी जाऊन उभी राहायची, मान तिरकी करायची आणि निकाल द्यायची. एकदा एका मोठ्या मूर्तीच्या हाताचा सांधा रंगातूनही दिसत होता. माझा नवरा दत्तात्रेय ती भिंतीकडे वळवायला निघाला. ठमाबाई म्हणाली, "जोड दिसतंय, पन डोळं सारखं हायत. जाव दे." आणि ती मूर्ती गेली. खोट कुठली आणि नुसता सांधा कुठला, हे ती ठरवायची. आम्ही ऐकायचो.

ही पंच्याण्णव-शहाण्णव सालची गोष्ट. ज्येष्ठ सरत आला होता. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. रंगाच्या फळीवर वाट्या मांडलेल्या असायच्या: अंगाचा गुलाबी, पितांबराचा पिवळा, शेल्याचा लाल. त्या वाट्यांमागे मला रोज एक करवंटी दिसायला लागली. तिच्यात सावळा, तांबूस असा रंग, जेमतेम चमचाभर. असा रंग आमच्याकडे कशालाच लागत नाही.

"ठमाबाई, हा कुठल्या गणपतीचा रंग?"

"उंदराचं हाय."

"आपले उंदीर पांढरे असतात."

"यक काळपट मागितलाय कोनी तरी."

आता गणपतीच्या हंगामात कोण काय मागेल याचा नेम नसतो. कोणाला मोरावर बसलेला हवा असतो, कोणाला क्रिकेट खेळणारा. मी माझ्या कामाला लागले. पण त्या आठवड्यात उकाड्याने कहर केला. पंखा लावता येत नाही, ओल्या रंगावर धूळ बसते. सगळ्यांची तोंडं घामाने चमकत होती. ठमाबाई माझ्यासमोर बसून डोळे काढत होती आणि तिच्या तोंडावर, डाव्या डोळ्याच्या खाली, नाकाच्या कडेला, एक जागा कोरडी ठणठणीत होती. घाम कपाळावरून यायचा आणि त्या जागेला वळसा घालून खाली जायचा.

मी उठले, फडकं ओलं केलं आणि काही न विचारता तिच्या तोंडावरून फिरवलं. फडक्यावर उंदराचा रंग आला. त्याच्याखालून वाळलेल्या शाडूची खपली निघाली. खपलीखाली चिंचोक्याएवढी जखम, मध्ये खड्डा, भोवती काळपट चकाकणारी कड, आणि ओलं रक्त.

"काय केलंस हे?"

"बोंबलताय कनाला? भेग हाय. भरली की बरी होतंय. पन मेली परत खचतंय."

त्या जागेवर तिला बरीच वर्षं तीळ होता, तो मलाही माहीत होता. डोळ्याखाली तीळ म्हणजे हाताला कला, असं तिची नणंद म्हणायची, आणि ठमाबाई ते ऐकून खूश व्हायची. तो तीळ वाढला, फुटला, बरा झाला, परत फुटला. ठमाबाईने मग तेच केलं जे ती रोज मूर्तींना करत होती. ओला शाडू भरला, वाळू दिला, वरून अंगाचा रंग दिला. रंग मात्र आपल्या अंगाचा, बरोबर जुळवून. इतका बरोबर की मी रोज समोर बसून फसले.

मी ओरडले, "अगं, तू शाडूची आहेस का?"

"मंग कनाची हाय?" ती म्हणाली आणि कुंचला उचलला.

दत्तात्रेयने बघितलं आणि म्हणाला, "गणपती होऊ देत, मग दाखवू कोणाला तरी." ठमाबाईने मान डोलावली. दोघांचं असं एकमत मी पहिल्यांदा पाहत होते. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, गणपती पुढच्या वर्षी पण येणार आहेत, हिचा डोळा येणार आहे का? त्यावर दोघेही आपापल्या कामाला लागले, जणू मी रेडिओवर बोलत होते.

ठमाबाईची धाकटी बहीण सीताबाई रोह्याला लागून वरश्यात राहायची. मी फोनच्या बूथवरून तिच्या शेजाऱ्यांकडे निरोप दिला. तिचा उलट निरोप आला, रोह्यातल्या एका दवाखान्यात आठवड्यातून एकदा मुंबईहून सर्जनबाई येतात, तोंडाचं, कातड्याचं काम करतात, घेऊन या. दवाखाना म्हटलं तर ठमाबाई आलीच नसती. म्हणून मी सांगितलं, सीताबाई आजारी आहे, तुझं नाव घेत असते. सरळ सरळ थाप मारली. मला अजूनही त्याचं काही वाटत नाही, पण ती थाप पुढे मला भोवली.

पेणहून रोह्याची गाडी धरली. आखणी सोडून ही बाई कधी बसली नव्हती, ती गाडीत काय बसणार? या दारातून त्या दारात. कासू स्टेशन आलं तशी म्हणाली, "उतरते जरा, कोंबड्या बघून येते." मी तिचा पदर मुठीत घट्ट धरून ठेवला तो रोह्यापर्यंत. वरश्यात सीताबाई दारात भाजी निवडत बसली होती, ठणठणीत. ठमाबाईने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि जुडी उचलून भाजी निवडायला लागली. ती पळायच्या आत आम्ही दोघींनी तिला धरून दवाखान्यात नेलं.

सर्जनबाई पोरसवदा, हडकुळी, चष्मा लावलेली. तिने भिंग लावून जखम बघितली आणि विचारलं, "उन्हात खूप काम केलंय का?"

"मिठागरात ऊन खालनं बी लागतं," ठमाबाई म्हणाली. बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा भिंगात घातली. जखमेचा बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला.

पुढच्या खेपेला निकाल आला. कातड्याचा कॅन्सर. तो शब्द ऐकताच सीताबाईने तिथेच रडायला सुरुवात केली. मी तिची पाठ थोपटत राहिले. आणि जिला झाला होता ती उठली, भिंतीवर वाकडं लटकलेलं कॅलेंडर सरळ केलं, मागे सरून बघितलं, पुन्हा थोडं सरळ केलं.

"बसा हो बाई," डॉक्टर म्हणाली. "हा कॅन्सर सहसा अंगात पसरत नाही. पण जागच्या जागी खात जातो. तुमच्या खालच्या पापणीच्या अगदी जवळ आलाय. आत्ता काढला तर पापणी वाचेल. वाट पाहिलीत तर पापणी जाईल, मग डोळा सांभाळणं कठीण. जखमेच्या भोवतीचं थोडं चांगलं कातडंही काढावं लागेल, म्हणजे मुळापासून निघेल. मग गालाचं कातडं वर सरकवून तिथे शिवायचं. जागा बधिर करू, दुखणार नाही. फक्त हलायचं नाही."

ठमाबाईने एवढ्या सगळ्यात एकच प्रश्न विचारला. "रेघ दिसंल ना?"

"दिसेल की. पण हळूहळू पुसट होत जाईल," डॉक्टर म्हणाली.

ठमाबाईने मान हलवली. मला वाटलं, तिला पटलं. आषाढातली तारीख ठरली.

परत आल्यावर ती कारखान्यात पिसाटल्यासारखी डोळे काढत सुटली. दिवसाला किती मूर्ती व्हायच्या याला धरबंध राहिला नाही. मी म्हणायचे, दमशील. ती म्हणायची, दिसतंय तवर करून घेते. मी त्याचा अर्थ असा लावला की उजेड आहे तोवर. आषाढात आमच्याकडे दुपारीच अंधारून येतं.

ऑपरेशनच्या दिवशी आम्ही सकाळीच रोह्याला पोचलो. ठमाबाईला आतल्या खोलीत खुर्चीवर बसवलं. डॉक्टर आली, तिची हनुवटी धरली, जांभळ्या शाईचं पेन काढलं आणि म्हणाली, "आधी डोळ्याखाली आखणी करून घेते. मग आत जाऊ." ठमाबाईने माझं मनगट करकचून धरलं. ती खुर्चीत चुळबुळत राहिली, डॉक्टर म्हणत राहिली हलू नका, आणि शेवटी जखमेभोवती एक गोल आणि तिथून गालावर खाली उतरणारी एक वळणदार रेघ काढून झाली. डॉक्टर हात धुवायला गेली. सीताबाई चहा सांगायला गेली होती. मी जाऊन ठमाबाईच्या बांगड्या पिशवीत घालते तोवर खुर्ची रिकामी.

पुढच्या आवारात नाही, मागच्या दारात नाही. औषधांच्या दुकानातला माणूस म्हणाला, तोंडावर जांभळी नक्षी काढलेली बाई एसटी स्टँडकडे पळत गेली. मी डॉक्टरपुढे काय तोंड घेऊन उभी राहिले ते माझं मला माहीत. ती एवढंच म्हणाली, "त्यांना पुढच्या खेपेला आणा. त्याच्या पुढे नको." मला इतका संताप आला होता की एसटीत बसल्यावरही मी मोठ्याने पुटपुटत होते. शेजारची बाई उठून मागे जाऊन बसली.

ठमाबाई दुसरीकडे कुठे जाणार? मी कासूला उतरले. कान्हू ओटीवर जाळं दुरुस्त करत होता. मी काही विचारायच्या आत त्याने खाडीकडे बोट केलं. "आल्यापासून फेऱ्या मारतंय बांधावर. माझ्याशी बोलत बी नाय."

पावसाने मिठागरं पाण्याखाली गेली होती. नुसते बांध वर दिसत होते, आणि त्यातल्या एका बांधावर ती टोकापर्यंत जायची, वळायची, परत यायची. मी चिखलातून कशीबशी तिच्यापर्यंत पोचले.

"लाज नाही वाटत? डॉक्टर थांबली होती तुझ्यासाठी!"

"मना डोळा द्यायचा नाय."

"डोळा कोण मागतंय?"

"तीच बोल्ली ना, डोळ्याची आखणी करतंय. माझा डोळा काढून नवा रंगवनार. मी काय येडी हाय? आखनी काय असतंय ते मना शिकवतंय काय ती?"

मी बांधावर बसकण मारली. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आलं. मी म्हटलं, अगं बाई, आखणी म्हणजे खुणा! कुठून कापायचं त्याच्या खुणा! डॉक्टरांची आखणी वेगळी, आपली वेगळी!

ती थांबली. "आनि रेघ?"

"कुठली रेघ?"

"मी इचारलं ना तिला, रेघ दिसंल ना. मना आखनीची रेघ दिसंल का, ते इचारलं. तर बोल्ली, हळूहळू पुसट होतंय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की ही बाई इतके दिवस आपली नजर जाणार म्हणून धावत होती, आणि 'दिसतंय तवर' म्हणजे काय. मी म्हटलं, "अगं, ती तुझ्या गालावरच्या टाक्यांची रेघ म्हणत होती! तिला वाटलं तू व्रण दिसेल का विचारतेस! नजर कशाला जाईल? नजर राहावी म्हणून तर कापायचं!"

ठमाबाईने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "वयनी, सीताबाई आजारी हाय असं पन तुमीच बोल्लेल्या."

ती थाप अशी भोवली. मी तिला शपथा घातल्या, रागावले, विनवलं. तिने काही ऐकलं नाही. घरी आलो. कान्हूने चहा टाकला. ती ओटीवरून आत, आतून ओटीवर. पदराने गाल खसाखसा पुसत होती, पण ती शाई पाण्याने जाणारी नव्हती. पुसून पुसून गाल लाल झाला तेव्हा ती कोनाड्यातला आरसा घेऊन दारातल्या उजेडात गेली, कितपत निघालं ते बघायला.

तिथेच उभी राहिली. आरसा जवळ नेला, लांब धरला. मान तिरकी केली. मी ती मान ओळखत होते. कान्हूनेही चहाची पातेली हातात धरून ठेवली.

"वयनी, मी हलत होते नाय का खुर्चीत?"

"हलत होतीस? सापाची पिल्लं सोडल्यासारखी वळवळत होतीस."

"रेघ हलली नाय." तिने बोट न लावता गालावरून ते वळण दाखवलं. "हितनं धरली, ती हितवर सोडली नाय. मधी पेन उचललं नाय. माझं तोंड हलतंय, तरी रेघ हलली नाय. बघा."

मी बघितलं. मला जांभळी रेघ दिसली. तिला जे दिसत होतं ते मला दिसणार नव्हतं.

"हात चांगला हाय पोरीचा," ठमाबाई म्हणाली. "कवा बोलावलंय?"

मी वर्षभर घसा फोडला असता तरी जे झालं नसतं ते त्या पेनाने केलं. मला बरं वाटलं, आणि थोडा रागही आला.

पुढच्या खेपेला ती स्वतःच्या पायाने खुर्चीत जाऊन बसली. डॉक्टरने पेन काढल्यावर म्हणाली, "मी हलनार नाय. दोनी डोळं सारखं ठेवा बाय, बाकी काय कापायचं ते कापा." डॉक्टरला यातलं किती कळलं कोण जाणे. तिने मान डोलावली.

मला आत येऊ दिलं नाही, पण दाराला काचेची चौकट होती. हिरव्या कापडांखाली ठमाबाई आडवी होती आणि तिचे पाय मला दिसत होते. ते पाय मी वीस-बावीस वर्षं बघत होते, झोपेतसुद्धा हलणारे. ते हलत नव्हते. मी व्हरांड्यात फेऱ्या मारत होते, सीताबाई म्हणत होती बसा हो वयनी, आणि मला बसवत नव्हतं. दर वळणाला काचेतून डोकवायचं, पाय बघायचे, पुढे जायचं. एकदा वाटलं, मेली तर नाही ना?

बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाली, "इतकं स्थिर कोणी राहत नाही. पण श्वास धरून ठेवतात हो त्या. दोनदा सांगावं लागलं, बाई, श्वास घ्या."

टाके निघेपर्यंत ती वरश्यात बहिणीकडे राहिली, अर्धं तोंड पट्टीखाली. सीताबाईचे निरोप यायचे, हिने माझे सगळे डबे घासले, हिने शेजारच्यांची कुंपणं बांधली, हिला घेऊन जा. इकडे कारखान्यात मूर्ती उभ्या, सगळं अंग रंगवलेलं, दागिने चढवलेले, आणि डोळ्यांच्या जागी कोरं. दत्तात्रेयने एका लहान मूर्तीवर हात चालवून बघितला. तो गणपती घाबरलेला दिसायला लागला. त्याने गुपचूप ती मूर्ती भिंतीकडे वळवली.

काढलेला भाग तपासून आला. कड स्वच्छ होती, म्हणजे मागे काही राहिलं नव्हतं. पापणी वाचली. सुरुवातीला जराशी खाली ओढल्यासारखी होती, डॉक्टर म्हणाली सैल पडेल. नाकाच्या कडेपासून गालावर उतरणारा व्रण मात्र लांब होता, लाल, उठलेला. ज्या वळणाने पेन फिरलं होतं त्याच वळणाने.

ठमाबाई श्रावणात कामावर आली. पदर पुढे ओढून आत शिरली, आपला पाट उचलला, कोपऱ्यात नेला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. "मूर्ती हिकडं द्या," म्हणाली. आम्ही एकेक मूर्ती तिच्या आणि भिंतीच्या मध्ये नेऊन ठेवायला लागलो. उजेड पाठीमागून, तिचीच सावली मूर्तीच्या तोंडावर. मी म्हटलं, अगं, दाराकडे तोंड कर. ती म्हणाली, "दारात गिऱ्हाईक येतंय." आरसा तर तिने पाहिलाच नव्हता. सीताबाईकडे आरशावर टॉवेल टाकून ठेवला होता म्हणे. मला तिचा राग यायचा, आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या पाठीकडे बघून गलबलून यायचं. इतकी वर्षं ही बाई खोट आणि सांधा यातला फरक आम्हाला शिकवत होती, आणि स्वतःला मात्र तिने भिंतीकडे वळवून ठेवलं होतं.

काम होत होतं, पण अडखळत. त्या सावलीत तिला दोन-दोनदा पुसावं लागायचं. चतुर्थी जवळ आली. मूर्ती न्यायला लोक येऊ लागले. एके दिवशी रोह्याच्या विमलबाई आल्या. आमचं जुनं गिऱ्हाईक, दरवर्षी मोठी मूर्ती नेणाऱ्या. त्यांची मूर्ती नेमकी ठमाबाईपुढे होती, एक डोळा झालेला, एक व्हायचा. विमलबाई बघायला म्हणून कोपऱ्यात वाकल्या आणि ठमाबाईचा पदर घसरला.

विमलबाई मागे सरकल्या. माझ्याजवळ येऊन आवाज खाली करून म्हणाल्या, पण आमचा कारखाना तो केवढा, सगळ्यांनी ऐकलं. "अहो, आखणीला दुसरं कोणी नाही का? हिच्या तोंडाचं असं झालंय. देवाचं काम आहे. बरं दिसतं का?"

माझ्या तोंडात चांगली खरमरीत उत्तरं आली होती. त्यातलं एक निवडून मी तोंड उघडलं. तेवढ्यात ठमाबाई उठली.

आमच्या दारापाशी एक उंच आरसा टांगलेला आहे. मूर्ती त्याच्यात उलटी बघितली की डोळ्यांतला फरक पकडता येतो, म्हणून सासऱ्यांनी लावलेला. ठमाबाई सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. पदर खांद्यावर टाकला. एक पाऊल मागे सरली. मान तिरकी केली आणि बघायला लागली. दत्तात्रेयचा हात रंगाच्या वाटीतच राहिला. ती स्वतःकडे बघत होती, पण ज्या नजरेने बघत होती ती मी ओळखत होते. उजवा डोळा बघितला. डावा बघितला. परत उजवा. व्रणावरून नजर एकदा खालपर्यंत नेली, तिथे थांबली, परत वर आणली. तिचा श्वास थांबला होता. माझाही.

"जोड दिसतंय," ती म्हणाली. मग पुन्हा दोन्ही डोळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "पन डोळं सारखं हायत."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मी पुसलं नाही. ती कोपऱ्यात गेली. पाट उचलला, मूर्ती फिरवली, आणि दाराकडे तोंड करून, सगळ्या उजेडात, विमलबाईंच्या समोर बसली. कुंचला काळ्या रंगात बुडवला, टोक करवंटीच्या कडेला निथळून घेतलं. विमलबाई दारातच उभ्या होत्या.

"वयनी, बाईंना बोला जरा बाजूला व्हा," ठमाबाई म्हणाली. "त्यांच्या देवाचा दुसरा डोळा ऱ्हायलाय. उजेड अडतंय."

विमलबाई बाजूला झाल्या.